मित्रांसोबत सिनेमाला गेलो तेव्हा… : हा निबंध वर्गात कसा घ्यावा?



आज आपण मुलांच्या अगदी आवडीचा विषय घेऊ या : ‘मित्र-मैत्रिणींसोबत पाहिलेला सिनेमा’. सातवी-आठवीपासून हा विषय या ना त्या रूपाने वहीत येतोच. कधी अनुभवलेखन म्हणून येतो, तर कधी दहावीच्या प्रसंगलेखनाच्या सरावासाठी. फळ्यावर विषय लिहिला की वर्ग खूश होतो. ‘झाडे लावा, झाडे जगवा’पेक्षा हा विषय कुणालाही आवडणारच, नाही का?

पण वह्या तपासायला घ्या, म्हणजे खरी गंमत कळते. पहिल्या चार ओळींत मुलं थिएटरात पोचतात. मग पुढची दीड पानं सिनेमाची गोष्ट. नायक कोण, खलनायक कोण, शेवटी कोण जिंकलं. आणि सगळ्यात शेवटी ठरलेलं वाक्य : “अशा प्रकारे आम्ही खूप मजा केली.” आता ही मजा नेमकी कसली केली, ते मात्र अख्ख्या निबंधात कुठेच नसतं! मित्रांची नावं पहिल्या ओळीत येतात आणि तिथेच हरवतात.

यात मुलांचा दोष नाही. विषय ‘सिनेमा’ आहे असं त्यांना वाटतं. खरं तर या विषयातला महत्त्वाचा शब्द आहे ‘सोबत’. एवढी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून दिली, तरी निबंध बदलतो. आजचा पाठ त्याच एका शब्दावर आहे.

१. ‘सोबत’ या शब्दापासून सुरुवात

वर्गात सरळ एक प्रश्न विचारा : “सिनेमा तर आता मोबाइलवरही दिसतो. मग मित्रांबरोबर जायचं कशाला?” मुलं थोडा वेळ गप्प बसतील. मग एकेक उत्तर येऊ लागेल. “सर, एकट्याला हसू येत नाही.” “बाई, भीती वाटली तर कुणाचा तरी हात धरता येतो.” “नंतर बोलायला कुणीतरी लागतं ना!” ही उत्तरं फळ्यावर जशीच्या तशी लिहा. भाषा सुधारायला जाऊ नका. निबंधाचा खरा मालमसाला हाच आहे.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगता येईल. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली, तेव्हापासून आपल्याकडे सिनेमा ही चार लोकांत बसून पाहायची गोष्ट आहे. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पाहून ते भारावून गेले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन ते तोच मूकपट पाहायला पुन्हा गेले. पुढे 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. या कामात सरस्वतीबाईंनी दागिने विकायला दिले, फिल्म धुण्यापासून सगळ्यांचा स्वयंपाक करण्यापर्यंत कष्ट उपसले, हे मुलांना आवर्जून सांगा. चांगलं काही पाहिलं की ते आपल्या माणसाला दाखवावंसं वाटतं, ही भावना मुलांना चटकन पटते, कारण ती त्यांचीच असते.

२. लिहिण्याआधीचा तास

लगेच वही उघडायला सांगू नका. एक तास फक्त बोलण्यासाठी ठेवा. मुलांना जोडीने बसवा आणि एकाने दुसऱ्याला पुढचे प्रश्न विचारायला सांगा :

- जायचं हे कोणी ठरवलं? कोण नको म्हणत होतं?
- घरी परवानगी कशी मिळाली? कोणती अट घातली?
- पैसे कसे जमवले? कोणाला कमी पडले?
- कोण कोणाच्या शेजारी बसलं? जागेवरून भांडण झालं का?
- दिवे गेल्यावर पहिला आवाज कोणता आला?
- मध्यंतरात काय बोललात?
- कोण रडलं? कोणी रडू लपवलं?
- परत येताना वाटेत काय झालं?

पाहा, या आठ प्रश्नांत सिनेमाच्या गोष्टीबद्दल एकही प्रश्न नाही. मुलांना एक नियम द्या : सिनेमाची गोष्ट जास्तीत जास्त तीन वाक्यांत. बाकी सगळं तुमच्याबद्दल. नियम ऐकून सुरुवातीला मुलं कुरकुर करतात, कारण पान भरायची सोय गेलेली असते. पण मग त्यांना आठवावं लागतं, आणि आठवायला लागली की लिहितात.

याच तासात थोडी शब्दसंपत्तीही करून घ्या : तिकीट खिडकी, पडदा, मध्यंतर, बाल्कनी, रांग, शिट्ट्या, हशा पिकणे, चिडीचूप होणे, डोळे पाणावणे, अंगावर काटा येणे, जीव भांड्यात पडणे. ‘खूप मजा आली’ हे वाक्य फळ्यावर लिहून त्यावर काट मारा. “मजा आली हे सांगायचं नाही, वाचणाऱ्याला ती कळली पाहिजे,” एवढं सांगितलं की पुरे.

३. नमुना निबंध (इयत्ता आठवी-नववी)

हा नमुना पाठ करून घेण्यासाठी नाही. वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी आहे.

*‘मुंज्या’ आणि आम्ही पाचजण*

जून महिना होता. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते. आमच्या गावात एकच थिएटर आहे. तिथे ‘मुंज्या’ हा हिंदी सिनेमा लागला होता. भुताचा आहे आणि भूत आपल्या कोकणातलं आहे, अशी बातमी मॉनिटरने आणली. तो आमच्या वर्गाचा मॉनिटर आहे, पण सुट्टीतसुद्धा आम्ही त्याला मॉनिटरच म्हणतो.

घरी विचारणं हेच मोठं काम होतं. आई म्हणाली, “बाबांना विचार.” बाबा म्हणाले, “आई काय म्हणाली?” असं दोन दिवस चाललं. शेवटी पैलवानची ताई सोबत येणार म्हटल्यावर दोघेही हो म्हणाले. ताई कॉलेजला आहे. अट एकच होती, सिनेमा सुटला की सरळ घरी.

शो सहाचा होता. आम्ही पाचलाच जाऊन उभे राहिलो. तिकिटं काढून झाल्यावर उरलेले पैसे एकत्र केले, तर पॉपकॉर्नचे दोनच पुडे येत होते. छोटू म्हणाला, “मला नको, माझं पोट भरलंय.” त्याचं पोट भरलेलं नव्हतं. त्याच्याकडे तिकिटापुरतेच पैसे होते, हे आम्हाला माहीत होतं. कोणी काही बोललं नाही. आत गेल्यावर मॉनिटरने एक पुडा सरळ छोटूच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “तू मध्ये बसलायस, तूच धर. सगळ्यांचा हात पोचेल.” मग छोटूनेही खाल्ले.

दिवे गेले आणि सगळे चिडीचूप झाले. माझ्या शेजारी पैलवान होता. तो आमच्यात सगळ्यात धिप्पाड. कबड्डीत त्याला तिघांशिवाय कोणी पकडू शकत नाही. पण पडद्यावर मुंज्या दिसला तशी त्याने माझी बोटं इतकी जोरात दाबली की मी ओरडलो. मागच्या रांगेतले काका म्हणाले, “घाबरू नको बाळा, खोटं असतं ते.” सगळे हसले. मी खरं कारण सांगितलं नाही. पैलवानने माझ्याकडे बघितलं आणि हळूच हात सोडला. पाच मिनिटांनी पुन्हा धरला.

मध्यंतरात आम्ही सगळे एकदम बोलत होतो. पुढे काय होणार हे प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. मॉनिटरने पैज लावली आणि हरला.

बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस भुरभुरत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळ आहे. मुंज्या पिंपळावर राहतो असं आजी नेहमी सांगते. त्याच पारावर बसून आम्ही रोज गप्पा मारतो. पण त्या रात्री तिथे आल्यावर पाचहीजण गप्प झालो. सगळ्यात मागे कोण चालणार यावर भांडण झालं. शेवटी ताईला मध्ये घेऊन, हात धरून, सगळे एका ओळीत गेलो. ताई म्हणाली, “अरे, सोबत मी तुमची करतेय की तुम्ही माझी?”

घरी आईने विचारलं, “कसा होता सिनेमा?” मी म्हणालो, “छान.” सांगायचं खूप होतं, पण ते सिनेमातलं नव्हतं.

४. नमुना वाचून झाल्यावर

वाचून झालं की मुलांना विचारा : “सिनेमाची गोष्ट काय होती?” कोणालाच सांगता येणार नाही! मग विचारा : “मॉनिटर कसा मुलगा आहे?” लगेच हात वर होतील. मॉनिटर चांगला आहे असं निबंधात कुठेही लिहिलेलं नाही. त्याने पुडा कुठे ठेवला, एवढंच लिहिलंय. तरी सगळ्यांना कळलं. स्वभाव सांगायचा नसतो, कृती लिहायची असते, हे शिकवायला याहून सोपं उदाहरण लागत नाही.

तसंच पैलवानचं. ‘पैलवान घाबरला’ असं वाक्य नाही. त्याने बोटं दाबली, सोडली आणि पुन्हा धरली. आता मुलांना त्यांच्या वहीतलं एक वाक्य शोधायला सांगा, जिथे त्यांनी ‘घाबरलो’, ‘आनंद झाला’, ‘वाईट वाटलं’ असं लिहिलंय. ते वाक्य काढून त्या जागी हातांनी, पायांनी, डोळ्यांनी काय केलं ते लिहायला सांगा. दहा मिनिटांचा उद्योग आहे, पण फरक लगेच दिसतो.

आणखी एक गोष्ट. शेवट पाहा. ‘या अनुभवातून मला मैत्रीचे महत्त्व कळले’ असा बोध लिहायची मुलांना सवय असते, आणि ती सवय आपणच लावलेली असते. या निबंधात तो बोध नाही. छोटूचा पुडा आहे, तेवढा पुरतो.

५. जी मुलं थिएटरात कधी गेलीच नाहीत, त्यांचं काय?

या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. तो टाळून हा विषय वर्गात देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या वर्गात अशी कितीतरी मुलं असतात ज्यांनी मल्टिप्लेक्सची पायरी चढलेली नसते. कोणाला परवडत नाही, कोणाच्या तालुक्यात थिएटर उरलेलं नाही, आणि कितीतरी मुलींना मैत्रिणींबरोबर संध्याकाळी बाहेर जायची परवानगीच मिळत नाही. फळ्यावर विषय लिहिला गेला की ही मुलं काय करतात? गाइड उघडतात. न खाल्लेल्या पॉपकॉर्नची चव लिहितात, न पाहिलेल्या पडद्याचं वर्णन करतात. म्हणजे आपण त्यांना निबंध नव्हे, खोटं लिहायला शिकवतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, हे त्या मुलांच्या मनात पक्कं बसतं.

यावर उपाय सोपा आहे. ‘सिनेमा’ या शब्दाची हद्द वाढवा.

महाराष्ट्रात सिनेमा फक्त थिएटरात पाहिला गेला असं कधीच नव्हतं. गावोगावच्या यात्रांत तंबूतले सिनेमे येत. ट्रकमधून प्रोजेक्टर यायचा, मोकळ्या रानात तंबू ठोकला जायचा, भोंग्यावरून पुकारा व्हायचा आणि जमिनीवर बसून लोक सिनेमा पाहायचे. या फिरत्या सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. 2016 साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. शहरांत गणेशोत्सवात गल्लीत आडवा पडदा बांधला जायचा. पुढे जागा नाही मिळाली तर मंडळी पडद्याच्या मागे बसत. मागून नावं उलटी दिसायची आणि हीरो डावखुरा व्हायचा! ज्या घरात टीव्ही असे, तिथे रविवारी अख्खी आळी सिनेमाला जमायची. तुमच्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांना आणि आई-बाबांना विचारा, त्यांच्याकडे यातलं काहीतरी नक्की असेल.

आजही तेच आहे, फक्त पडदा लहान झालाय. ओट्यावर मोबाइल उभा करून त्याच्याभोवती डोकी जमवून बसलेली मुलं आपण रोज पाहतो. मोबाइल कोणाचा, तो कोणी धरायचा, चार्जिंग संपत आलं की काय होतं, नेट संपल्यावर हॉटस्पॉट कोण देतो, ऐन वेळी त्या मोबाइलवर आईचा फोन आला तर काय! हा सगळा ‘मित्रांसोबत सिनेमा’च आहे. म्हणून विषय असा द्या : ‘आम्ही मिळून पाहिलेला सिनेमा (थिएटर, यात्रा, मंडळ, शाळा, टीव्ही किंवा मोबाइल)’. कंसातले शब्द फळ्यावर लिहायला विसरू नका. त्या कंसामुळेच काही मुलांना वाटतं की हा विषय आपलाही आहे.

आणि जमलं तर शाळेतच एक सिनेमा दाखवा. बऱ्याच शाळांत आता प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आहे. ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) हा परेश मोकाशींचा सिनेमा पंढरपुरातल्या मुलांचा आहे. वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून ती मुलं यात्रेत चक्क दुकान मांडतात. ‘किल्ला’, ‘टिंग्या’ हेही मुलांच्या जगातले सिनेमे आहेत. खिडक्यांना चादरी लावा, सतरंज्या अंथरा, मधे दहा मिनिटं मध्यंतर ठेवा, जमल्यास शेंगदाणे-चुरमुरे द्या. दुसऱ्या दिवशी निबंधाचा विषय द्या. सगळ्यांकडे सारखाच सिनेमा आणि तरी प्रत्येकाच्या वहीत वेगळा निबंध, हे मुलांना स्वतःलाच पाहायला मिळेल.

६. पालकांसाठी चार गोष्टी

पालकहो, तेरा-चौदा वर्षांचं मूल “आम्ही मित्र मित्र सिनेमाला जाऊ का?” असं विचारतं, तेव्हा ते फक्त सिनेमा मागत नसतं. ‘माझ्यावर विश्वास आहे का?’ हेही ते विचारत असतं. त्यामुळे लगेच ‘नाही’ किंवा लगेच ‘जा’ म्हणण्याआधी थोडं बसून बोला.

*प्रमाणपत्र पाहा.* सिनेमाला कोणतं प्रमाणपत्र आहे हे मुलालाच शोधून काढायला सांगा. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त 18 वर्षांवरील प्रौढांसाठी. मधल्या ‘यूए’ गटाचे 2023 च्या कायदा दुरुस्तीनंतर 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले आहेत. त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचं की नाही, हे पालकांनी ठरवायचं असतं. नियम मुलाने स्वतः वाचला की ‘नाही’ हा शब्द तुमचा राहत नाही, वादही कमी होतात.

*हिशेब त्याच्याकडे द्या.* जाण्या-येण्याचं भाडं, तिकीट, खाणं. ठरावीक रक्कम द्या आणि आल्यावर हिशेब लिहायला सांगा. गटात कुणाकडे पैसे कमी असतील तर काय करायचं, हे आधीच बोलून ठेवा. मोठेपणा मिरवणं आणि सांभाळून घेणं यांतला फरक मुलांना घरातच कळतो.

*परतीचं नक्की करा.* शो किती वाजता सुटतो, शेवटची एसटी किंवा रिक्षा कधी, सोबत मोठं कोण, कोणाच्या फोनवर कळवायचं. एवढं ठरलं की काळजी निम्मी होते. आणि हो, मुलाला जी परवानगी मिळते ती मुलीलाही मिळते का, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारा. मोठी ताई, मावशी, कोणाची तरी आई सोबत असेल तर मुलींचा गटही जाऊ शकतो. सहाचा नको वाटला तर दुपारचा शो असतो.

*आल्यावर वेगळा प्रश्न विचारा.* “कसा होता?” याला “छान” याशिवाय उत्तर येत नाही. त्यापेक्षा “सगळ्यात जास्त कोण हसलं?”, “कोण कुठे बसलं होतं?” असं विचारा. मुलं बोलायला लागतात. जेवता जेवता झालेल्या याच गप्पा पुढे निबंधात उतरतात.

७. वही तपासताना

शुद्धलेखन तपासायचंच, पण या निबंधात आधी तीन गोष्टी शोधा. एक, तिथे गेलेल्यालाच माहीत असेल असा किमान एक तपशील आहे का? दोन, एक तरी मित्र किंवा मैत्रीण आपल्याला ओळखीची वाटते का? तीन, कोणाच्या तरी तोंडचं खरं वाक्य आहे का? या तिन्हींना गुण द्या आणि ते मुलांना आधीच सांगून ठेवा. भाषा थोडी ओबडधोबड असली, ‘मी म्हन्लो’ असं लिहिलं असलं, तरी ते दुरुस्त करता येतं. पाठ केलेला निबंध मात्र दुरुस्त करता येत नाही.

आणि वाचून दाखवायला निबंध निवडाल, तेव्हा पहिला निबंध मल्टिप्लेक्सचा नको. ओट्यावरच्या मोबाइलचा किंवा मंडळाच्या पडद्याचा निवडा. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या एखाद्या मुलाचा निबंध सगळ्यांनी हसत हसत ऐकला, की पुढच्या वेळी तो गाइड उघडणार नाही.

येत्या आठवड्यात हा पाठ तुमच्या वर्गात करून बघा. आणि पालकहो, आज रात्री जेवताना तुमच्या मुलांना तुमचा एखादा जुना सिनेमा सांगा. गोष्ट नको. कोणाबरोबर गेला होता, पैसे कुठून आणले होते आणि परत येताना काय झालं, तेवढंच सांगा.